गोल सर

कचऱ्याकडे प्रेमाने बघणारी माणसं आमच्या भागात दोनच. एक भंगारवाला, दुसरे गोल सर. भंगारवाला वजन करतो, पैसे हातावर ठेवतो आणि पुढच्या गल्लीत जातो. सर वजन करतात, पैसे देत नाहीत, वर तीन पानी फॉर्म भरून घेतात. त्यात 'आपल्या घरातील ओल्या कचऱ्याबद्दल आपणांस काय वाटते?' असा एक प्रश्न आहे. त्याला लोकांनी दिलेली उत्तरं छापण्याजोगी नाहीत, पण सरांनी ती सगळी फाइल करून ठेवली आहेत.

अंगाने सर काटकुळे. 'गोल' हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलं, कारण त्यांच्या प्रत्येक स्लाइडवर एक गोल असतो. हिरवा, बाणांचा. शेत, ताट, उष्टं, खत आणि परत शेत. विषय चिकूचा असो, कोळंबीचा असो की स्टाफरूमच्या चहाच्या वर्गणीचा, सर खडू उचलतात आणि गोल काढतात. त्यांचं कॉलेज कुठलं ते सांगत नाही. विरारच्या पलीकडे आणि डहाणूच्या अलीकडे, लोकल थांबते अशा कुठल्याही गावी असे एक सर सापडतात.

विषयाचं पूर्ण नाव 'शाश्वत अन्नप्रणाली आणि चक्रीय जैवअर्थव्यवस्था'. एवढं नाव फ्लेक्सवर बसवायचं तर प्राचार्यांचा फोटो लहान करावा लागतो, त्यामुळे विषयाला कॉलेजात सुरुवातीपासून शत्रू आहेत. मुद्दा मात्र साधा आहे. जमिनीतून आणि पाण्यातून जे आलं ते पुरतं वापरावं. माणसाने टाकलं तर गुराने खावं, गुराने टाकलं तर जंतूने खावं, आणि जंतूने जे सोडलं ते मातीला मिळावं. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जैवतंत्रज्ञानाचं 'बायोई-३' धोरण मंजूर केलं, त्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. संध्याकाळी पेढ्यांचे रिकामे खोके परत मागून नेले.

अशा माणसाच्या वाट्याला पालघर जिल्हा यावा, हे त्याचं भाग्य की जिल्ह्याचं, हे ठरवणं कठीण. डहाणू-घोलवडला चिकूच्या वाड्या, २०१६पासून भौगोलिक मानांकन मिळालेल्या. वाड्याला कोलम, म्हणजे तूस, कोंडा आणि पेंढा. सातपाटी-मुरब्याला मासळी. हायवेच्या आसपास म्हशींचे तबेले. आणि या सगळ्याच्या मधोमध तारापूरची एमआयडीसी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणाची क्रमवारी लावली, तेव्हा तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं. ही बातमी सरांनी वर्गात इतक्या भारावून सांगितली की मागच्या बाकावरच्या एकाने टाळ्या वाजवल्या.

लग्नाला सरांना बोलवायचं की नाही, यावर आमच्याकडे घराघरांत दोन मतं आहेत. सर येतात वेळेवर, आहेर आणतात, अक्षता टाकतात. (अक्षता खाली सांडलेल्या गोळा करण्याची परवानगी त्यांनी एकदाच मागितली.) पंगत बसली की मात्र ते दिसेनासे होतात. मांडवाच्या मागे, जिथे उष्टी ताटं रिकामी करतात, तिथे सर उभे असतात. एका हातात ताणकाटा, दुसऱ्या हातात वही. भात वेगळा, पुऱ्या वेगळ्या, गोड वेगळं. मुलीच्या मामाने एकदा त्यांना तिथे गाठलं.

"काय चाललंय सर?"

"माणशी किती उष्टं पडतं ते बघतोय."

"म्हणजे? जेवण बरं नाही झालं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही नाही, जेवण उत्तम आहे. जिलबी सोडून."

जिलबी मामाने सांगितली होती. पुढचा संवाद केटररने मिटवला. पण सरांचं म्हणणं असं की जगात माणूस अन्न कुठे टाकतो हे मांडवाच्या मागेच कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालात २०२२ सालाचा हिशेब आहे: जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, लोकांपर्यंत पोचलेल्या अन्नापैकी १९ टक्के. हा आकडा सर इतक्या वेळा सांगतात की त्यांच्या घरी ताटात भाजी उरली तर मुलगी म्हणते, "बाबा, एकोणीस टक्के राहिलीय."

घरचा फ्रिज हा वेगळाच विषय. त्याचा वरचा कप्पा वहिनींचा, बाकीचे कप्पे विद्यापीठाचे. डब्यांवर चिकटपट्ट्या: 'चिकू गर, दिवस ३', 'चिकू गर, दिवस ७', 'खाऊ नये'. मेहुणा सुट्टीला आला होता, त्याने 'दिवस ७' खाल्ला आणि चव आवडल्याचं कळवलं. सरांनी डोक्याला हात लावला. मेहुण्याच्या पोटाचं काय होईल याची काळजी वहिनींना; सरांचं दुःख हे की आता आलेखात सातव्या दिवशी भोक पडणार.

सरांचा खरा जीव आहे तो कॉलेजच्या मागच्या बायोगॅस टाकीत. तिच्यावरच्या शेडमध्ये देवादिकांच्या तसबिरी नाहीत. तीन फोटो आहेत. कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचं सोनं करायला निघालेले अप्पा पटवर्धन. त्यांच्या वाटेने जाऊन देहूत संडास आणि गॅस यांची सोयरीक जुळवणारे डॉ. मापुसकर, ज्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आणि पुण्याच्या आरती संस्थेचे डॉ. आनंद कर्वे. कर्व्यांचा युक्तिवाद सर नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी ऐकवतात: शेण म्हणजे गाईने आपलं काम उरकून बाहेर टाकलेलं अन्न, त्यातलं सत्त्व तिने आधीच घेतलंय. मग जंतूंना गाईचं उष्टं का द्यायचं? थेट पीठ द्या, साखर द्या, सडलेलं फळ द्या. थोड्या मालात भरपूर गॅस. या विचारासाठी आरतीला २००६ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्याचा गॅस वापरल्याची गोष्ट सर याच्या पुढे सांगतात, पण तोवर विद्यार्थी बसच्या वेळेकडे बघत असतो.

टाकी बांधली तेव्हा सरांनी उत्साहात गावभर सांगितलं की उष्ट्यापासून गॅस काढणारा 'निसर्गऋण' प्रकल्प भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळ्यांनी विकसित केला, आपणही त्याच दिशेने चाललोय. यातला 'भाभा' आणि 'अणु' एवढंच लोकांनी ऐकलं. आमच्या भागात १९६९पासून अणुवीज केंद्र आहे. लोक त्याला सरावले आहेत, पण ते कुंपणाच्या आत आहे म्हणून. कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू झाली. वॉचमनने सरांना बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, त्या गॅसवर केलेला चहा रात्री चमकत तर नाही ना?" सरांनी त्याला जंतूंवर पाऊण तास समजावलं. तेव्हापासून तो चहा घरूनच आणतो. आधी फक्त किरणांची भीती होती, आता जंतूंचीही आहे.

ही टाकी सांभाळणं म्हणजे घरी जावई ठेवून घेण्यासारखं आहे. त्याला रोज ठरल्या वेळी, ठरलं तेवढं लागतं. कमी पडलं तर रुसतो, जास्त झालं तर बिघडतो. एका वादळात घोलवडच्या वाड्यांमध्ये चिकूचा खच पडला. सर हरखले. लुधियानाच्या सिफेट संस्थेचा २०१५चा अभ्यास त्यांना पाठ: चिकू काढणीपासून विक्रीपर्यंत सुमारे १० टक्के वाया जातो, पेरू त्याहून जास्त, जवळजवळ १६. इथे तर झाडाखालीच वाया गेलेला. टेम्पो भरून आला आणि सगळा चिकू टाकीत गेला. चिकूत साखर भरपूर. आंबवणारे जंतू झपाट्याने कामाला लागले, आम्लावर आम्ल तयार झालं. ते आम्ल खाऊन मिथेन देणारे जंतू स्वभावाने संथ, त्यांना ते झेपेना. आम्लता वाढली तसे ते मेलेच. गॅस बंद, आणि आंबूस वासाने शेजारचं कॉमर्सचं शिक्षण ठप्प. सर टाकीत चुना ओतत होते, ताज्या शेणाचा काला ढवळून घालत होते, आणि दर दोन तासांनी पीएचची पट्टी बुडवून बघत होते. वहिनींनी डबा पाठवला, तो टाकीच्या कट्ट्यावर बसून खाल्ला. उरलेला भात आत टाकायला हात पुढे केला आणि आखडता घेतला. एवढा संयम मी त्यांच्यात पूर्वी पाहिला नव्हता.

त्या टेम्पोचं पुढे आणखी एक प्रकरण झालं. सरांनी या कामावर शोधनिबंध पाठवला, तेव्हा निनावी परीक्षकाने एकच ओळ लिहिली: घोलवडहून फळ आणणाऱ्या वाहनाचं डिझेल हिशेबात धरलं आहे काय? सरांनी धरलं. निघालेला गॅस आणि जळलेलं डिझेल समोरासमोर मांडलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. निबंध मागे घेता आला असता, आकडा बारीक टाइपात तळटीपेत ढकलता आला असता. सरांनी तो सारांशात घातला. तेव्हापासून चिकू मेमूने येतो. सर आणि त्यांचे दोन विद्यार्थी गोण्या घेऊन डब्याच्या दाराशी उभे असतात आणि पालघरला उतरणाऱ्यांच्या शिव्या खातात.

पण सरांच्या शास्त्राला जमिनीवर आणलं ते कोळंबीने. कोळंबीच्या टरफलात कायटिन असतं. त्यापासून कायटोसान होतं, आणि ते औषधांपासून पाणी शुद्ध करण्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी लागतं. बंदरावर टरफलांचे ढीग पडलेले. पहिल्या खेपेला सर गेले तेव्हा कोळंबी सोलणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ने बाबा, देव तुजं भलं करो." दुसऱ्या खेपेला विचारलं, "काय करतोस रे ह्याचं?" सरांनी गोल काढून दाखवला. तिसऱ्या खेपेला मावशींनी टोपलीवर हात ठेवला.

"किती देशील?"

"मावशी, हा तर कचरा आहे."

"मंग तू कशाला येतोस?"

सर वही उघडून उभेच राहिले. तबेल्यातही असंच झालं. शेण उचलायला माणूस मिळत नाही म्हणून आधी हात जोडणारा मालक, वर्षभरात ट्रॉलीचा भाव सांगू लागला. वाडीतल्या पडलेल्या चिकूलाही करंडीमागे दर आला. सरांच्या प्रस्तावात 'कच्चा माल: विनामूल्य' असं लिहिलेलं होतं, आणि त्यावर मंजुरीचा शिक्का होता. विद्यापीठांमधून निघालेल्या किती योजना या एका ओळीवर बुडाल्या असतील! उपयोग सिद्ध होईपर्यंत माल फुकट, सिद्ध झाला की महाग. हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही, पण सांगितलं ते मावशींनी. माझ्या मते सरांच्या सगळ्या कामातला हा सर्वांत पक्का निष्कर्ष आहे. त्यांनी त्या वर्षीच्या अहवालात तो इमानदारीने लिहिला. निधी देणाऱ्यांनी तेवढाच परिच्छेद गाळून अहवाल मान्य केला.

टरफलं मिळाली तरी पुढे गंमत होतीच. बादलीतून ती आणायची कामगिरी पीएच.डी.च्या मुलाकडे. लोकलच्या मालडब्यात तो बादली घेऊन चढला. डब्यात कोळणी, टोपल्यांसकट. दोन स्टेशनं गेली आणि त्यांनीच नाकाला पदर लावले. "काय रं पोरा, कुजलं नं ते! फेक रुळावर." पोरगा बादली पोटाशी धरून म्हणाला, "मावशी, माझी तीन वर्षं आहेत यात." बायका हळहळल्या आणि त्याला दाराशी वाऱ्यावर उभं केलं.

मग प्रयोगशाळा. टरफलातला चुना काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल, प्रथिनं काढायला कॉस्टिक सोडा, कायटोसानसाठी पुन्हा त्याहून तीव्र सोडा, आणि प्रत्येक पायरीनंतर धुवायला पाणी, पाणी आणि पाणी. शेवटी हाती पांढरी चिमूटभर पूड आली. विद्यार्थ्याने विचारलं, "सर, हे धुतलेलं पाणी कुठे टाकू?"

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. तारापूरची सगळी भांडणं याच प्रश्नापासून सुरू होतात. तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नवापूरकडे समुद्रात जातं आणि मच्छीमार वर्षानुवर्षं त्यावर तक्रार करत आले आहेत. कोळंबी समुद्रातून आली, पाणी समुद्रात जाणार. गोल पूर्ण झाला होता, फक्त स्लाइडवर दाखवण्याजोगा नव्हता. सरांनी ती पद्धत बंद केली. आता तेच काम दह्यातल्या जंतूंच्या भावंडांकडून करून घेतात. त्याला वेळ जास्त लागतो, पूड कमी शुद्ध निघते, आणि पोराच्या तीन वर्षांची पाच होणार हे नक्की झालं.

जव्हारकडच्या एका पाड्यावर सर राबाविरुद्ध बोलायला गेले होते. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात, तो राब. सरांनी किती सेंद्रिय माल धुरात जातो ते सांगितलं, जमिनीवर काठीने गोल काढला. म्हाताऱ्या वारली शेतकऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. मंग तण कशानं मरंल?"

राब जाळल्याने तणाचं बी जळतं, हे पुस्तकात आहे. सरांच्या स्लाइडवर नव्हतं. त्यांनी कॉलेजच्या आवारात तीन वाफे केले: एक जाळलेला, एक कंपोस्टचा, एक चारसूत्री पद्धतीप्रमाणे भाताच्या तुसाची काळी राख मिसळलेला. पाऊस पडल्यावर म्हाताऱ्याला गाडीभाडं देऊन बोलावलं. तो कंपोस्टच्या वाफ्यापाशी थांबला, खाली वाकला, आणि मनापासून म्हणाला, "सायेब, तुमचं तण लई झ्याक आलंय." राखेच्या वाफ्याकडे मात्र तो जरा जास्त वेळ बघत राहिला आणि जाताना पिशवीभर राख मागून घेऊन गेला. सरांनी त्याच्याकडून फॉर्म भरून घेतला नाही. विसरले, असं ते म्हणतात.

कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या नॅकची समिती येणार ठरलं की सरांचे दिवस पालटतात. सातव्या निकषात 'उत्तम उपक्रम' दाखवावे लागतात. एरवी टाकीवरून नाक दाबून जाणारे प्राचार्य शेडला हिरवा रंग काढून घेतात, 'शून्य कचरा परिसर' अशी पाटी लागते, आणि पाटीचं प्लास्टिक वेष्टन मागच्या मागे जाळलं जातं. गेल्या वेळी समिती आली ती नेमकी टाकी आंबलेली असताना. शिपायाने प्रसंग ओळखून सिलिंडरची नळी मागून शेगडीला जोडली. निळी ज्योत फुरफुरली, अध्यक्षांनी मान डोलावली, फोटो निघाला. एवढ्यावर सगळं पार पडलं असतं. पण सर पुढे झाले आणि म्हणाले, "ही ज्योत आमची नाही. आमची टाकी आज बंद आहे. का बंद आहे ते जास्त महत्त्वाचं आहे, बसा." समितीला त्यांनी आम्लांचा तक्ता, चुन्याचा हिशेब आणि डिझेलचा आकडा दाखवला. अध्यक्षांनी मध्येच चहा मागितला. प्राचार्य सरांशी पंधरा दिवस बोलत नव्हते. कॉलेजला मिळायची ती श्रेणी मिळाली. या प्रसंगाने ती वाढली की घटली, कुणालाच कळलं नाही.

लोक सरांना हसतात, मीही हसतो. त्यांचा गोल कागदावर जितका वाटोळा आहे तितका कधीच जमला नाही. कुठे डिझेल गळलं, कुठे आम्ल, कुठे मावशींचा भाव. पण या विषयावर परिषदा घेऊन प्लास्टिकच्या बाटल्यांतलं पाणी पिणारे पुष्कळ पाहिले. स्वतःच्या गोलाला पडलेली भोकं मोजून छापणारा मात्र हा एकच. त्या भोकांमुळेच त्यांचं शास्त्र माझ्या लेखी खरं आहे.

टाकी सध्या चालू आहे. कॅन्टीनचा सकाळचा चहा तिच्यावर होतो, दुपारचा सिलिंडरवर. उन्हाळ्यात मुलं सुट्टीवर असतात, जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा टाकीला माल कमी पडतो. आसपास राहत असाल तर शिळं अन्न, भाज्यांचे देठ, पिकलेला चिकू सकाळी दहाच्या आत मागच्या फाटकाशी आणून द्या. हाडं, लिंबाच्या साली आणि नारळाच्या करवंट्या नकोत. आणि चिकू एका वेळी फार आणू नका. सरांना 'नको' म्हणवत नाही.